छोट्या कारखान्यासाठी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर : निवड कुठून सुरू करायची?



आजचा विषय साधा वाटतो. छोटा कारखाना आहे, ड्रॉइंग काढायला सॉफ्टवेअर हवंय, ते परवडलं पाहिजे आणि लवकर शिकता आलं पाहिजे. कुठलं घ्यावं? या प्रश्नाला लोकांना एका शब्दाचं उत्तर हवं असतं. नाव सांगा, आम्ही घेऊन टाकतो. आणि नावं सांगणारे भरपूर भेटतात. विक्रेता एक सांगतो, शेजारच्या गाळ्यातला मालक दुसरं सांगतो, इंजिनिअरिंगला असलेला भाचा तिसरंच काहीतरी. यातलं कुणी खोटं बोलत नसतं, पण प्रत्येक जण स्वतःच्या कामावरून बोलत असतो. आम्हीही पुढे नावं घेणारच आहोत. त्याआधी मात्र एक गोष्ट मांडायची आहे आणि आजचं सगळं बोलणं तिच्याभोवती आहे.

सॉफ्टवेअरची खरी किंमत बिलावर दिसत नाही. ती दोन ठिकाणी असते. एक, शिकण्यात गेलेले तास. दोन, त्यात साठत गेलेली तुमची ड्रॉइंग्ज. पाच वर्षांनी सॉफ्टवेअर बदलायचं ठरवलं, तर लायसन्सचे पैसे आठवणारही नाहीत, पण दीड हजार ड्रॉइंग्जचं काय करायचं हा प्रश्न समोर उभा राहील. म्हणून निवड करताना आधी ड्रॉइंगचा रस्ता बघायचा. ते कुठून येतं, कुणाच्या हातातून जातं, कुठे पोचतं आणि ज्यानं काढलं तो माणूस सोडून गेल्यावर ते कोण उघडणार.

एक कारखाना डोळ्यांसमोर धरू. कल्पितच आहे, पण भोसरीला किंवा नाशिकच्या अंबडला असे गाळे शोधायला फार फिरावं लागणार नाही. आठ-दहा माणसं. इलेक्ट्रिकल पॅनेलचे डबे, मशीनचे गार्ड, ब्रॅकेट असं पत्र्याचं काम. प्रेस ब्रेक स्वतःचा, लेझर कटिंग बाहेरून जॉबवर्कवर. ड्रॉइंग काढणारा एकच मुलगा. मालक स्वतः संगणकावर बसत नाहीत, चलनाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं स्केच काढतात, आणि ते स्केच बहुतेक वेळा बरोबर असतं.

या मालकांना आम्ही पहिलं काम असं सांगू, की गेल्या महिन्यातली वीस कामं काढा. प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहा. ड्रॉइंग कुणी पाठवलं आणि कशात पाठवलं : पीडीएफ, डीडब्ल्यूजी, स्टेप, व्हॉट्सॲपवरचा फोटो, की नुसता नमुना आणून टेबलावर ठेवला? आपण त्यात काय केलं : नव्याने काढलं, दुरुस्त केलं, की फक्त उलगडा काढला? ते पुढे कुणाला दिलं : लेझरवाल्याला, आपल्याच ऑपरेटरला, की ग्राहकाला मंजुरीसाठी? आणि चौथं, त्यात नंतर बदल किती वेळा झाला. अर्धा दिवस लागतो. हा तक्ता तयार झाला, की निम्मी सॉफ्टवेअरं आपोआप बाद होतात. ती वाईट असतात म्हणून नव्हे, तुमच्या रस्त्यावर त्यांचं काम नसतं म्हणून.

आता मोठा फाटा येतो तो टू-डी की थ्री-डी हा. इथे आपल्याकडे थोडा मानाचा प्रश्न झालाय. थ्री-डी म्हणजे आधुनिक, टू-डी म्हणजे जुनाट. असं काही नाही. लेथवर शाफ्ट, बुश, पिन बनवणाऱ्या टर्निंग शॉपला चांगलं टू-डी ड्रॉइंग पुरतं. एक दर्शनी चित्र, एक छेद, मापं, टॉलरन्स, फिनिश. काम संपलं. त्याला थ्री-डी मॉडेल काढायला लावणं म्हणजे रिक्षानं जायच्या अंतराला ट्रक काढणं.

कोल्हापूरच्या शिरोलीतली फाउंड्री घेतली तर चित्र उलटं होतं. तिथे ग्राहक बहुधा थ्री-डी मॉडेलच पाठवतो. त्यावरून पॅटर्न बनतो, आजकाल तो पुष्कळदा व्हीएमसीवर कापला जातो. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणजे ३०० मिलिमीटरच्या कास्टिंगला पॅटर्न जवळजवळ ३०३ चा ठेवावा लागतो. शिवाय पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून बाजूंना उतार द्यायचा, मशीनिंगला माल ठेवायचा. हे सगळं गोलाई आणि रिब असलेल्या भागावर टू-डीमध्ये करायचं म्हणजे डोकेदुखी. तिथे थ्री-डी हवंच.

पत्र्याचं काम या दोघांच्या मधलं आहे, म्हणून त्यावर जरा थांबू. पत्रा कापायचा सपाट आणि द्यायचा वाकवून. त्यामुळे खरा प्रश्न असतो तो उलगड्याचा. वाकवल्यावर माप बरोबर यायला सपाट तुकडा किती लांब कापायचा? पत्रा वाकतो तेव्हा बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, आणि मध्ये कुठेतरी एक थर असा असतो ज्याची लांबी तेवढीच राहते. हा थर आतल्या पृष्ठापासून जाडीच्या किती हिश्श्यावर आहे, त्या आकड्याला के-फॅक्टर म्हणतात. तुमच्यातल्या जुन्या फिटरना हे नाव माहीत नसेल, पण आकडा हातात असतो. ते म्हणतात, ‘दोन एमएमला एवढे सोडायचे.’

हिशेब करून बघू. दोन मिलिमीटर पत्रा, आतली गोलाई दोन मिलिमीटर, एक काटकोनी बेंड. बाहेरून मोजलेल्या बाजू ५० आणि ३०. प्रत्येक बाजूतून जाडी आणि गोलाई मिळून चार वजा केले, की सरळ भाग उरतात ४६ आणि २६. उरला वाकलेला भाग. के-फॅक्टर ०.४ धरला तर तो न बदलणारा थर आतून ०.८ वर आहे, म्हणजे त्याची त्रिज्या २.८. पाव वर्तुळ असल्यानं १.५७०८ गुणिले २.८, म्हणजे ४.४०. एकूण ७६.४०. आता तोच के-फॅक्टर ०.३३ धरा. त्रिज्या २.६६, वाकलेला भाग ४.१८, एकूण ७६.१८. फरक ०.२२ मिलिमीटर. एका बेंडला काहीच नाही. पण एकाच दिशेला चार बेंड असलेला ट्रे असेल तर फरक ०.८८ झाला. पॅनेलचं दार घासायला एवढं पुरे.

हे इतकं सविस्तर का सांगतोय? कारण पत्र्याचं सॉफ्टवेअर विकताना ‘एका क्लिकवर उलगडा’ असं दाखवतात. क्लिक खरी आहे. पण तो आकडा सॉफ्टवेअरला कुठून येतो? तुम्ही दिला तर तुमचा, नाही दिला तर त्यात आधीच भरून ठेवलेला. तुमच्या प्रेस ब्रेकची डाय, तुमचा पत्रा, तुमच्या पंचची गोलाई त्याला माहीत नसते. लाखोंचं सॉफ्टवेअरसुद्धा तो आकडा तुमच्याकडेच मागतं आणि फुकटचंही तुमच्याकडेच मागतं. तो काढायचाही सोपा आहे. त्याच दोन मिलिमीटर पत्र्याची बरोबर १०० मिलिमीटरची पट्टी कापा, मधे वाकवा, दोन्ही बाजू व्हर्निअरनं बाहेरून मोजा. बेरीज १०३.६ आली तर वाकलेल्या भागाची लांबी निघते ४.४, म्हणजे के-फॅक्टर ०.४. मात्र आतली गोलाई खरोखर दोनच येते का, हे रेडियस गेजनं बघून घ्या. प्रत्येक जाडीची आणि प्रत्येक डायची अशी पट्टी वाकवून तक्ता भिंतीवर लावा. हा तक्ता तुमचा. सॉफ्टवेअर उद्या बदललं तरी तो तसाच चालेल.

तर पत्र्याच्या कारखान्याला थ्री-डी हवं का? महिन्यातली बरीच कामं चार-पाचपेक्षा जास्त बेंडची असतील, किंवा ग्राहक वारंवार माप बदलत असेल, तर हवं. साधे कोनी ब्रॅकेट आणि चौकोनी डबेच असतील तर टू-डी आणि हा तक्ता यांवर भागतं. वीस कामांचा तक्ता इथे उपयोगी पडतो बघा.

आता फाइलींकडे येऊ. आम्हाला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि खरेदीच्या वेळी यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

ऑटोकॅड १९८२ साली बाजारात आलं आणि त्याची डीडब्ल्यूजी फाइल कारखान्यांची जणू बोलीभाषा झाली. ही फाइल ऑटोडेस्क कंपनीची स्वतःची आहे, तिची रचना त्यांनी जाहीर केलेली नाही. १९९८ साली काही कंपन्यांनी एकत्र येऊन एक संघटना काढली, आज तिला ओपन डिझाइन अलायन्स म्हणतात. डीडब्ल्यूजी वाचता-लिहिता येईल असे कोड-संच ती तयार करते. बाजारात ऑटोकॅडसारखी दिसणारी आणि कमी किमतीची सॉफ्टवेअरं मिळतात, त्यांच्यातल्या अनेकांच्या मागे या संघटनेचं काम आहे. म्हणजे ‘डीडब्ल्यूजी हवं म्हणजे ऑटोकॅडच हवं’ हे समीकरण केव्हाच सुटलंय.

डीएक्सएफ ही त्याच घरातली, पण खुली लिहिलेली फाइल. तिची रचना प्रसिद्ध आहे. लेझरवाला बहुधा हीच मागतो. तिला देताना तीन गोष्टी तपासा : एकक मिलिमीटर आहे ना, रेषांची टोकं जुळलेली आहेत ना, आणि एकावर एक दोन रेषा पडलेल्या नाहीत ना. दुहेरी रेषा म्हणजे लेझर तिथून दोनदा जाणार. मापांच्या रेषा, टायटल ब्लॉक हे सगळं काढूनच फाइल द्यायची.

आणि थ्री-डीसाठी स्टेप. ही आंतरराष्ट्रीय मानक फाइल, आयएसओ १०३०३, पहिल्यांदा १९९४ साली प्रसिद्ध झाली. जवळपास प्रत्येक थ्री-डी सॉफ्टवेअर ती उघडतं. पण तिची मर्यादा समजून घ्या. स्टेप आकार नेते, आकार कसा घडला ते नेत नाही. तुमच्या मॉडेलमध्ये ‘आधी हे काढलं, मग इथे भोक पाडलं, भोकाचं माप एवढं’ अशी पायऱ्यांची नोंद असते. स्टेपमध्ये ती पुसली जाते. वाफाळता भात दिसतो, पण पाणी किती घातलं होतं ते कळत नाही. म्हणून जुन्या कामात बदल करायचा असेल तर मूळ फाइल लागते, आणि मूळ फाइल उघडायला तेच सॉफ्टवेअर लागतं. नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत सहसा उघडत नाही, हाही अनुभव अनेकांना असेल. ग्राहकाकडे सॉलिडवर्क्सची नवी आवृत्ती आहे म्हणून आपणही घ्यायची, या शर्यतीत उतरण्यापेक्षा त्यांना सरळ सांगा, ‘साहेब, स्टेप आणि सोबत मापं लिहिलेली पीडीएफ पाठवा.’ बहुतेक जण पाठवतात.

जाता जाता एक. आपल्याकडे भारतीय मानकांप्रमाणे प्रथम कोन प्रक्षेपण शिकवतात. अमेरिकन ग्राहकाचं ड्रॉइंग तृतीय कोनात असतं. त्यात उजवीकडून दिसणारं चित्र उजवीकडेच येतं, आपल्यात ते डावीकडे येतं. नव्या सॉफ्टवेअरची सेटिंग तशीच राहिली तर आख्खा भाग आरशातल्यासारखा उलटा बनू शकतो. पहिल्याच दिवशी टेम्प्लेटमध्ये हे आणि मिलिमीटर, दोन्ही पक्कं करून टाका.

मग ‘स्वस्त’ म्हणजे काय? पहिलं, खरंच मुक्त असलेली सॉफ्टवेअरं. थ्री-डीला फ्रीकॅड, टू-डीला लिब्रेकॅड. धंद्यासाठी वापरायला कुणाची परवानगी लागत नाही, किती संगणकांवर टाकायचं याचं बंधन नाही, उद्या कुणी बंद केलं तरी आज उतरवून घेतलेली आवृत्ती तुमच्या संगणकावर चालत राहते. दुसरं, फुकट पण अटींवर. फ्यूजनची वैयक्तिक वापराची मोफत आवृत्ती धंद्यासाठी नाही, आणि २०२० पासून तिच्यात एका वेळी दहाच दस्तऐवज संपादनासाठी खुले ठेवता येतात. ऑनशेपच्या मोफत खात्यातली मॉडेल्स सगळ्या जगाला दिसतात आणि तेही धंद्यासाठी नाही. ग्राहकाचं ड्रॉइंग तिथे ठेवलं तर उद्या त्याला काय सांगणार? भाच्याच्या कॉलेजच्या लायसन्सचंही तेच, ते शिकण्यासाठी असतं.

फुकट कायम फुकट राहील असंही नाही. ड्राफ्टसाइट हे डीडब्ल्यूजीवर चालणारं टू-डी सॉफ्टवेअर काही वर्षं मोफत मिळायचं. कितीतरी छोट्या कारखान्यांनी त्यावर काम बसवलं. मग कंपनीनं धोरण बदललं आणि २०१९ संपताच त्या मोफत आवृत्त्या चालायच्या थांबल्या. यात कंपनीनं काही बेकायदा केलं असं नाही, तो तिचा माल. पण मोफत आणि मुक्त यांत काय फरक आहे तो यातून कळतो. आणि एक दिलासाही कळतो. ज्यांच्या फाइली डीडब्ल्यूजीमध्ये होत्या त्यांना दुसरं सॉफ्टवेअर घेऊन दुसऱ्या दिवशी काम सुरू करता येत होतं.

तिसरं, वर्गणी. ऑटोडेस्कनं २०१६ पासून नवी कायमची लायसन्स विकणं बंद केलं, आता दरवर्षी पैसे भरायचे. चौथं, एकदाच पैसे भरून घ्यायची. क्यूकॅडची व्यावसायिक आवृत्ती किंवा डीडब्ल्यूजीवर चालणारी काही सॉफ्टवेअरं अशी मिळतात. किमती आम्ही इथे सांगत नाही, त्या सतत हलतात, कोटेशन घ्यावं. कोटेशनमध्ये मात्र विचारा : पुढच्या वर्षीचा दर काय, किती संगणकांवर चालेल, आणि वर्गणी थांबली तर माझ्या जुन्या फाइली मला उघडून निदान छापता येतील का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. १८ टक्के जीएसटी धरून हिशेब करा. नियमित नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, कंपोझिशनमध्ये असाल तर मिळत नाही. आणि तुलना एका वर्षाची नको, पाच वर्षांची करा.

पाचवा प्रकार म्हणजे क्रॅक केलेली प्रत. यावर कुणी व्याख्यानात बोलत नाही, पण तुम्हालाही माहीत आहे, आम्हालाही माहीत आहे. आमच्या त्या कल्पित गाळ्यातही तीच असणार. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ ब सांगतं, की माहीत असून अशी प्रत संगणकावर वापरली तर कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्याच्या फायद्यासाठी वापर नव्हता असं सिद्ध झालं तर कोर्ट कैद माफ करू शकतं, पण कारखान्यात तो मुद्दा मांडताच येत नाही. शिवाय क्रॅकसोबत काय काय आत येतं ते वेगळंच. ज्या संगणकावर टॅली आणि बँकेचं काम चालतं, त्याच संगणकावर हे प्रकार चाललेले असतात.

आता ‘सोपं’ म्हणजे कुणासाठी सोपं? आयटीआयचा ड्राफ्ट्समन मेकॅनिकलचा दोन वर्षांचा कोर्स केलेला मुलगा बहुतेक ऑटोकॅड शिकून येतो. त्याची बोटं एल म्हणजे लाइन, टीआर म्हणजे ट्रिम, ओ म्हणजे ऑफसेट अशी चालतात. ऑटोकॅडसारखी सॉफ्टवेअरं याच आज्ञा ओळखतात, तो पहिल्या दिवसापासून काम देतो. लिब्रेकॅडमध्ये आज्ञा वेगळ्या आहेत, पहिला आठवडा तो वैतागेल. उलट तुमचाच हुशार फिटर संगणकावर बसवायचा असेल, तर त्याला कुठलीच सवय नाही. त्याला रेषांपेक्षा वस्तू कळते. अशा माणसाला कधीकधी थ्री-डी लवकर जमतं, कारण तो मनात पत्रा वाकवूनच बघत असतो.

शिकण्याचा खर्च मांडून बघा. समजा पगार २४ हजार आहे आणि दोन महिने तो निम्म्या वेगानं काम करणार. म्हणजे २४ हजार रुपये शिकण्यात गेले. फुकटचं सॉफ्टवेअर शिकायला चार महिने लागले तर ४८ हजार. तरी ते स्वस्त पडेल किंवा पडणार नाही, ते तुमच्या समोरच्या वर्गणीच्या आकड्यावर ठरेल. पण शिकण्याचा खर्च एकदाच होतो आणि वर्गणी दरवर्षी येते, हेही त्याच कागदावर लिहा.

फ्रीकॅडबद्दल नेमकं बोलू. जुन्या आवृत्त्यांत एक चीड आणणारी अडचण होती. मॉडेलच्या सुरुवातीच्या पायरीत माप बदललं, की पुढची भोकं आणि गोलाया भलत्याच कडेला जाऊन बसायच्या. कडांना दिलेले अंतर्गत क्रमांक बदलायचे म्हणून. नोव्हेंबर २०२४ मध्ये १.० ही आवृत्ती आली, तिच्यात हा त्रास बराच कमी झाला आणि जुळणीची सोयही मूळ सॉफ्टवेअरमध्येच आली. पत्र्याच्या कामासाठी वेगळं जोडसाधन आहे, तेही मोफत. डीडब्ल्यूजी थेट उघडत नाही, मधे वेगळा रूपांतरक लागतो. आणि फ्रीकॅड एकाच कामाचे तीन रस्ते दाखवतं, नवा माणूस तिथेच गोंधळतो. त्याला सांगा, पहिले दोन महिने स्केच, पार्ट डिझाइन आणि टेकड्रॉ, एवढीच दालनं उघडायची. बाकीकडे बघायचंच नाही.

घेण्याआधी परीक्षा घ्या, आणि ती तुमच्याच भागावर. विक्रेता दाखवतो तो भाग त्यानं शंभर वेळा काढलेला असतो. तुमच्या वीस कामांतला सगळ्यात त्रासदायक भाग निवडा आणि ज्या माणसाला पुढे हे चालवायचंय त्यालाच बसवा. दोन आठवडे द्या. मोफत चाचणी बहुतेक ठिकाणी मिळते. काढून झालं की खरी परीक्षा सुरू होते : लांबी ४०० ची ४२५ करा, पत्रा दोनचा दीड करा. उलगडा आणि मापांचं ड्रॉइंग आपोआप बरोबर बदललं का, की पुन्हा बसून काढावं लागलं? मग डीएक्सएफ लेझरवाल्याला पाठवा, एक नग खरोखर कापून, वाकवून घ्या आणि मोजा. पडद्यावर सगळंच जुळतं.

यंत्राचं थोडक्यात. थ्री-डीला १६ जीबी मेमरी आणि एसएसडी असावी, टू-डीला जुनाही संगणक चालतो. विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, तेव्हा जुन्या यंत्राचा विचार त्या अंगानंही करा. फ्रीकॅड आणि लिब्रेकॅड लिनक्सवरही चालतात. इंटरनेटवर चालणारं सॉफ्टवेअर घेणार असाल, तर तुमच्या एमआयडीसीत वीज आणि लाइन दोन्ही किती टिकतात ते बघा. भोसरीकरांना गुरुवार सांगायला नको.

नावं घ्यायची म्हणालो होतो, तर आमचं मत असं. टर्निंग शॉप, स्वतःची ड्रॉइंग्ज, ग्राहकाकडून फक्त पीडीएफ : लिब्रेकॅड किंवा क्यूकॅडनं सुरुवात करा, वर्गणी भरायची गरज आम्हाला दिसत नाही. ग्राहकाशी रोज डीडब्ल्यूजीची देवाणघेवाण आणि आयटीआयचा मुलगा : ऑटोकॅडच्या आज्ञा ओळखणारं, एकदाच पैसे भरून मिळणारं टू-डी सॉफ्टवेअर. आपल्या पत्र्याच्या गाळ्यासाठी आम्ही फ्रीकॅडला सहा महिने देऊ, शेजारी एक साधं टू-डी ठेवून. फाउंड्री किंवा डाय-मोल्डचं काम, महिन्याला पाच-सहा नवी मॉडेल्स आणि मशीनिंगचा प्रोग्रामही आपणच काढायचा : तिथे पैसे भरा. तिथे एक चुकलेला पॅटर्न वर्षाच्या वर्गणीचा मोठा हिस्सा खाऊन टाकतो, आणि अडलं तर फोन उचलणारं कुणीतरी हवं असतं.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, मुलगा शिकला की सहा महिन्यांत चाकणला मोठ्या कंपनीत जातो. मग शिकवायचंच कशाला?

जाणारच तो, आणि त्यानं जावंही. म्हणून एकाला शिकवायचं नाही, दोघांना शिकवायचं. एक ड्राफ्ट्समन आणि एक तुमच्यातलाच, मालक किंवा घरचं कुणी. ताई ऑफिस सांभाळत असतील तर त्याच उत्तम, त्या कुठे जाणार नाहीत आणि ग्राहकाचा फोनही त्याच घेतात. दुसऱ्या माणसाला एवढंच यायला हवं की फाइल शोधणं, उघडणं, एक माप बदलणं, पीडीएफ आणि डीएक्सएफ काढणं. फाइलच्या नावात भाग क्रमांक आणि बदल क्रमांक असू द्या, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशी नावं नकोत. रोज संध्याकाळी दुसऱ्या डिस्कवर प्रत. प्रत्येक मंजूर कामाच्या तीन फाइली ठेवायच्या : मूळ, स्टेप किंवा डीएक्सएफ, आणि पीडीएफ.

प्रश्न : मराठीतून शिकायला काही आहे का?

आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम आहे, त्यात मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे छोटे धडे मराठीतूनही ऐकता येतात. इंकस्केपपासून सुरुवात करता येईल. ते चित्रकामाचं सॉफ्टवेअर आहे, पण नेमप्लेट किंवा जाळीची नक्षी लेझरला द्यायची असेल तर उपयोगी पडतं. बाकी कॅडचे व्हिडिओ इंग्रजी-हिंदीत भरपूर आहेत. आमचा अनुभव असा, की आज्ञांची नावं इंग्रजीच राहतात, अडतं ते ‘का’ समजायला. ते तुमच्या फिटरशेजारी बसून मराठीत समजतं.

प्रश्न : आमच्याकडे वडिलांच्या काळातली कागदावरची दोनशे-अडीचशे ड्रॉइंग्ज आहेत. ती सगळी संगणकावर घ्यायची का?

सगळी नको. आधी सगळ्यांचे स्कॅन करून ठेवा, मोबाइलवरून केले तरी चालतील, आणि एका वहीत किंवा एक्सेलमध्ये यादी करा. मग ज्याची ऑर्डर येईल तेच नव्याने काढायचं. दोन वर्षांत कळेल की त्यातली तीस-चाळीसच चालू आहेत. आणि काढताना नुसता कागद बघून काढू नका. वीस वर्षांत भोक अर्धा मिलिमीटर मोठं झालेलं असतं, कुठली कड घासून द्यायचं ठरलेलं असतं, आणि ते कागदावर कुणी लिहिलेलं नसतं. शेल्फवरचा शेवटचा नग काढा, व्हर्निअर लावा, आणि ज्यानं तो बनवला त्या फिटरची डायरी मागून घ्या. तो निवृत्त झाला असेल तर या महिन्यातच त्याच्या घरी जाऊन या.